दोन वाजून सतरा मिनिटांनी सुटलेलं नाव

मावशीच्या निवाऱ्याच्या डोमेन नावाची, म्हणजे संकेतस्थळ आणि ईमेल ज्यावर चालतं त्या नावाची, मुदत संपलीय हे बरेच आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याचा पहिला परिणाम चांगला वाटला. ईमेल कमी झाले. घरात मार खाणाऱ्या बायका त्या पत्त्यावर मदत मागत. पत्रं येईनाशी झाली तेव्हा मावशी आईला म्हणाली, की या महिन्यात लोक जरा माणसांसारखे वागतायत.

ते नाव अकरा वर्षांपूर्वी निवाऱ्याच्या सचिवांनी घेतलं होतं. मुदतीच्या सूचना त्यांच्याच मेलबॉक्समध्ये जात राहिल्या, आणि सचिव दोन वर्षांपूर्वी वारले होते. मला कळलं तेव्हा मुदतीनंतरच्या सवलतीचे दिवसही उलटून गेले होते. शेवटचे पाच दिवस उरले होते. या पाच दिवसांत नाव कुणाचंच नसतं आणि जुन्या मालकालाही काही करता येत नाही. पाचव्या दिवशी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, कुठल्यातरी एका क्षणाला, नोंदणी कार्यालय ते पुसतं. पुसल्यावर जो पहिला मागेल, त्याचं ते होतं.

मागायचा हक्क फक्त परवाना असलेल्या रजिस्ट्रारांना, म्हणजे अशी नावं विकणाऱ्या कंपन्यांना असतो, आणि मी अशाच एका रजिस्ट्रारकडे नोकरी करते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक सर्व्हरचं कपाट, त्याच्यावर रोखलेला टेबलफॅन. मावशीला मी फोनवर सांगितलं, की काळजी करू नकोस, मी आहे ना.

आमच्याकडे मागण्या पाठवायचं काम बघणाऱ्या माणसाला सगळे घड्याळजी म्हणतात. त्याच्या हातात घड्याळ नसतं, पण सर्व्हरची वेळ हजारांश सेकंदापर्यंत जुळल्याशिवाय तो जेवायला बसत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी त्याने मला बजावलं होतं, की हव्या त्या नावाकडे बघायचं नाही, दृष्ट लागते. मी भौतिकशास्त्र शिकून आलेली. मला ती ऑफिसातली थट्टा वाटली, आणि मी हसले.

मी माझ्या पद्धतीने तयारीला लागले. नाव नेमकं कधी पुसलं जाईल याचा अंदाज हवा, म्हणून त्याची स्थिती दर दहा सेकंदांनी विचारणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. स्थितीची माहिती देणाऱ्या साइट फुकट असतात. त्यांतली एक निवडली आणि प्रोग्राम चालू ठेवून घरी गेले. दर वेळी उत्तर तेच, त्यामुळे आलेख अगदी सपाट येत होता. मला तो आवडला होता.

चौथ्या दिवशी सकाळी घड्याळजीने मला खुर्चीसकट त्याच्या टेबलापाशी ओढलं. पडद्यावर सुटणाऱ्या नावांची यादी होती, किती लोक ते नाव शोधतायत त्या क्रमाने लावलेली. मावशीचं नाव सातवं होतं. त्याच्या वर आणि खाली कर्ज, जुगार आणि औषधांची नावं.

त्याने हळू आवाजात विचारलं, "हे कोण बघत बसलंय?"

मी सांगितलं. तीन दिवस, दर दहा सेकंदांनी, म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त वेळा.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या फुकटच्या साइट आपल्याकडचे आकडे विकतात, त्यातून ही यादी बनते, आणि यादीत वर आलेलं नाव मोठी मंडळी गिऱ्हाइकांना आधीच दाखवतात, कुणाला हवंय का म्हणून. एवढं त्याने समजावलं. मग म्हणाला, "परवापर्यंत या नावामागे कुत्रं नव्हतं. आपली एक रांग पुरली असती गं."

रांग म्हणजे मागणी पाठवायची जोडणी. प्रत्येक परवान्याला सारख्याच रांगा मिळतात, न्याय म्हणून. आमच्याकडे एक परवाना. यादीतली नावं उचलणाऱ्या कंपनीकडे एकशेसाठ, वेगवेगळ्या नावांनी, पत्ता आणि फोन नंबर मात्र एकच. मी नोंदणी कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा सहानुभूतीही दाखवली, आणि म्हणाल्या की नियम सगळ्यांना सारखाच आहे, तुम्हीही एकशेसाठ परवाने घेऊ शकता.

मी प्रोग्राम बंद केला. नाव यादीत सातवंच राहिलं. दुपारी ते पाचवं झालं. आता ते बघणारी मी नव्हते.

पाचव्या दिवशी मावशी आमच्या ऑफिसात आली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. तिला वाटत होतं तिकीट खिडकीसारखं काहीतरी असेल, ओळख काढून जमेल. दोन वाजता घड्याळजीने मागण्या सोडल्या. दोन वाजून सतरा मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी नाव सुटलं. आमची मागणी अडतीस हजारांश सेकंदांनी पोचली. त्यांची सहा. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला.

मग मी नव्या नोंदी उघडल्या. मालकाचं नाव झाकलेलं होतं. अशा नावांवर सहसा तासाभरात जाहिरातींचं पान लागतं. इथे पान नव्हतं. संकेतस्थळच नव्हतं. फक्त त्या नावावर येणारे ईमेल घ्यायची सोय केली होती, तीही नाव मिळाल्यावर अवघ्या अकरा मिनिटांत.

मावशीने त्याचा अर्थ विचारला. मी म्हणाले, इतके आठवडे बायकांची पत्रं परत जात होती. पत्र गेलं नाही एवढं तरी त्यांना कळत होतं, कुणी फोन केला असेल, कुणी दुसरं दार ठोठावलं असेल. आता पत्रं पोचणार होती.

"म्हणजे तिला वाटणार, मीच वाचलं," मावशी म्हणाली.

खात्री करायला मी एक वेगळा ईमेल पत्ता तयार केला आणि त्यावरून जुन्या पत्त्यावर एक ओळ पाठवली, मदत हवी आहे. ती परत आली नाही. घड्याळजीने तिघांसाठी चहा आणला, तो तसाच राहिला. पाच वाजायला वीस मिनिटं असताना उत्तर आलं. मी वाचायच्या आत मावशीने मान पुढे केली.

घाबरू नकोस. आधी सांग, आत्ता एकटी आहेस का? कुठे आहेस?

मावशीने पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही माझी ओळ आहे," ती म्हणाली. "मी प्रत्येकीला पहिलं उत्तर हेच लिहिते. शब्दन् शब्द हेच."

म्हणजे नाव घेणाऱ्याने तिचं उत्तर कधीतरी वाचलं होतं, कुणाच्यातरी, बहुधा आपल्याच बायकोच्या, फोनमध्ये. मावशीने पर्समधून वही काढली आणि अकरा वर्षांतल्या बायका आठवून लिहू लागली. पहिलं पान भरलं, तरी ती थांबली नाही. पडद्यावर दुसरं पत्र आलं.

उत्तर दे. मी येतो आहे.