दगडाबरोबर आलेली पाल

मी एक म्हातारी पाल आहे. दचकू नका मित्रांनो, रात्री दिव्याभोवती चुकचुकणारी ती मी नव्हे. आम्ही दिवसा हिंडतो, म्हणून आमच्या डोळ्यांतली बाहुली गोल असते. मी तुमच्या करंगळीएवढी, रंगाने ओल्या दगडासारखी. माझ्या बोटांना नुसत्या नख्या आहेत. गुळगुळीत भिंत मला चढता येत नाही.

माझा जन्म ओढ्याकाठच्या एका मोठ्या दगडाच्या फटीत झाला. आमच्यातल्या साऱ्या जणी तिथेच अंडी चिकटवत. समोरच्या दगडावर पिवळ्या गळ्याचा नर ऐटीत बसे. मुंग्या, चिलटं पोटभर मिळत आणि पाण्याचा आवाज दिवसभर सोबतीला असे.

एके सकाळी माणसं पहारी घेऊन आली. भीती वाटली की आम्ही फटीत खोल शिरतो. मीही शिरले, आणि दगडासकट ट्रकमध्ये चढले.

उतरले ती पाथरवटाच्या अंगणात. तिथे ऊन, ठोकाठोक आणि धूळ. आम्हाला पापण्या नसतात; जिभेने डोळे पुसून पुसून मी दमले. माझ्या जातीचं तिथे कुणीच नव्हतं. होती ती फटीत चिकटलेली माझी दोन अंडी.

पाथरवटाने दगडावर छिन्नी टेकवली, तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन आली.

“अहो, थांबा जरा. फटीत काहीतरी पांढरं दिसतंय.”

“पालीची अंडी असतील. मला पायरी पुरी करायचीय.”

“मग अलगद काढून ठेवा.”

त्याने बोटाने चाचपलं. “घट्ट चिकटलीत. काढायला गेलं तर फुटतील.”

ती तिथून हललीच नाही. शेवटी त्याने छिन्नी खाली ठेवली. “बरं, दुसरा दगड घेतो. गिऱ्हाइकाची बोलणी मात्र तू खा.”

“खाईन की. तुमची खाऊन सवय झालीय.”

दगड झाडाखाली गेला. ती रोज त्यावर पाणी शिंपडायची. पिल्लं सुखरूप बाहेर आली. मग तिने ट्रकवाल्याला विचारलं, “भाऊ, हा दगड होता तिथं नेऊन ठेवाल का?”

“कुठं ठेवू, वहिनी? तिथं आता खाण झालीय. ओढा पार बुजला.”

मी ते फटीतून ऐकलं.

पिल्लं इथे रमली आहेत. हे झाडच त्यांचं घर. वाहतं पाणी त्यांनी कधी ऐकलंच नाही. मी मात्र अजून कान देऊन बसते.

मित्रांनो, तुमच्या घरांना पायऱ्या लागतात, हे मला कळतं. पण पहार घालण्याआधी फटीत एकदा डोकावून बघा. आत कुणी नांदत असेल, तर तो दगड तिथेच राहू द्या. आम्ही दगडाबरोबर येतो, पण आमचा ओढा येत नाही.