चारचा भोंगा

“हरलीस मम्मी. परत हरलीस.” सायलीनं माझं बोट धरून मोबाईलच्या काचेवर टेकवलं. “काळी पट्टी खाली आली की दाब. लई सोपं हाय.”

सहा वर्षांची माझी लेक या खेळात गल्लीत पहिली. गाणं वाजतं, ठेक्यावर काळ्या पट्ट्या खाली घसरतात. बोट चुकलं की खेळ संपला. मी बी.ए. झालेली बाई, दुपारची भांडी तशीच ठेवून आठ दिवस तो शिकत होते. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, ‘हाक मारली तरी वळून पाहत नाही.’ दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, तेव्हापासून ती बोलतेही ओरडून.

“हट्टी हाय, दुसरं काय न्हाई,” सासूबाई, आमच्या मुक्ताआत्या, म्हणाल्या. “बहिरी असती तर गाण्याचा खेळ जिंकली असती का? अन् चारचा भोंगा झाला की बापाला बघाया दारात कशी पळती?”

नवऱ्याची, तानाजीची, कारखान्यातली पाळी चारला सुटते. भोंगा आणि खेळ, या दोन पुराव्यांवर आमचं घर निश्चिंत होतं. नगरला दवाखान्यात नेऊन कान तपासायचं नाव काढलं की हे म्हणायचे, “एकदा कागदावर आलं की पोरीच्या नावाला चिकटतंय, सुनिता. उद्या लग्नात निघतंय.”

नवव्या दिवशी मला खेळ जमला. पट्ट्या बघायचं सोडून ठेका ऐकला, तेव्हा बोट आपोआप पडायला लागलं. मग आवाज बंद करून पाहिला. दहाव्या पट्टीलाच हरले.

त्यानंतर सायलीला मोबाईल देताना मी रोज आवाज थोडा कमी करत गेले. पोरगी हरावी म्हणून देव पाण्यात घातले. शनिवारी आवाज पूर्ण बंद होता. ती जिंकली.

तिच्यासमोर बसून मी विचारलं, “गाणं आवडलं का?”

ती माझ्या ओठांकडे बघत होती. “कंचं गाणं?”

सोमवारी पावणेचारला मी आत्यांचा हात धरला. “आज भोंगा झाला तरी उठू नका. चहा ठेवू नका.”

“कशापायी?”

“नुसतं बसा.”

भोंगा झाला. शेजारची शेळी दचकून उभी राहिली. सायली भिंतीला टेकून खेळत होती. एक पट्टी, दुसरी, तिसरी. भोंगा लांबला, बारीक झाला, थांबला. तिची मान वर झाली नाही.

“खेळात गुंग हाय ती,” आत्या हळूच म्हणाल्या.

“आता उठा.”

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, रोजच्यासारखं फळीवरचं पातेलं काढून गॅसवर ठेवलं.

सायलीनं वर पाहिलं. मोबाईल टाकला आणि “पप्पा आले” ओरडत दारात पळाली.

रस्ता अजून रिकामा होता. आत्या पातेल्याचा काठ धरून तशाच उभ्या राहिल्या. गॅस त्यांनी पेटवलाच नाही. मग खुंटीवरची प्रवासाची पिशवी काढली, झटकली, आणि सायलीचे दोन फ्रॉक घडी घालून तिच्यात ठेवले.