प्रेमदासला बसवा

ग्यानोबांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत कुणी त्यांना एकदाही "तुमचं काय मत?" म्हणून विचारलं नाही. साहेब लोक विचारायचे ते "पाणी आणलं का" आणि "फाईल कुठाय". निवृत्त होऊन डोंगरकड्याला घरी आले, तर इथंही तीच गत. फाट्यावर त्यांच्या बायकोचं, पद्माबाईंचं, चहाभज्यांचं हॉटेल होतं. ते पंधरा वर्षं यांच्यावाचून झकास चाललेलं. भज्यांच्या पिठात सोडा किती घालावा यावर ग्यानोबांनी दोनदा आपलं मत दिलं. दुसऱ्यांदा पद्माबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेरच्या बाकड्यावर नेऊन ठेवलं. पुढचे सहा महिने ते बाकड्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी. बघत राहिले. अन्नावरची वासना उडाली, दाढी चार-चार दिवस तशीच राहायला लागली.

मग दोन हजार चार सालच्या डिसेंबरात तातेरावांनी कागदी क्रिकेट काढलं.

तातेरावांचं सायकलचं दुकान हॉटेलला लागूनच होतं. पंचक्रोशीत दर हिवाळ्याला आठ गावांच्या टेनिस बॉलच्या मॅचेस व्हायच्या, रविवारी, काढलेल्या ज्वारीच्या रानात. तातेरावांनी पेपरात कुठंतरी अशी एक स्पर्धा वाचली आणि ती आपल्या मापानं कापून शिवली. ज्याला खेळायचं त्यानं वहीच्या पानावर आठही गावांतले मिळून अकरा गडी लिहायचे. ही झाली त्याची कागदी टीम. गड्यानं रविवारी खरोखर एक रन काढली की कागदवाल्याला एक मार्क, विकेटला वीस, कॅचला दहा, आणि कॅच सोडला तर पाच वजा. दर शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन गडी बदलायची मुभा. एखादा काढून दुसरा आणायचा, दोघांनी आपसात गड्यांची अदलाबदल करायची, नाहीतर एखाद्याला आठवडाभर बसवायचं. बसवलेल्याचे मार्क मिळत नसत, पण वजाही होत नसत. शेवटी ज्याचे मार्क सगळ्यांत जास्त, त्याला पाच लिटरचा कुकर.

ज्यांनी जन्मात कधी चूल फुंकली नाही असे पन्नाससाठ बापई त्या कुकरपायी वहीची पानं फाडायला लागले.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी देवलाला घेतलं. देवला हट्ट्याच्या टीमचा फास्ट बोलर, त्याला न घेणारा वेडा. त्या शुक्रवारी पद्माबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "समद्याईनं देवलाला घेतलं म्हणं. त्याच्या काखेत हे एवढं करट झालंय. मघा चहा पेला तो डाव्या हातानं."

ग्यानोबांनी ते ऐकलं. शनिवारी ते आंघोळ करून, दाढी करून तातेरावांच्या दुकानाबाहेरच्या फळ्यापाशी गेले. कचेरीतल्या सूचना फळ्यावर लिहायचं काम त्यांच्याचकडे असायचं, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं: 'या आठवड्याचा सल्ला. देवला – खांद्याच्या हालचालीत दोष. बसवा.'

रविवारी देवलानं दोन ओव्हर टाकल्या, पंचेचाळीस रन दिल्या आणि काख धरून बाहेर जाऊन बसला.

सोमवारी तातेराव स्वतः बाकड्यापाशी आले आणि म्हणाले, "ग्यानोबा सर, पुढच्या हप्त्याला कोणाला घ्यावं?" सर! ग्यानोबांच्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले.

मग हे रीतसरच सुरू झालं. पद्माबाई भाजी निवडताना, भांडी घासताना बोलायच्या आणि ग्यानोबा ते क्रिकेटच्या भाषेत बसवायचे. फाट्यावर उतरणारा प्रत्येक माणूस पद्माबाईंकडे चहा पिऊनच पुढं जायचा, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्यांना ठाऊक असायचं. त्या म्हणायच्या, "बाळापूरच्या त्या लांबड्या पोराला रातची लाइट हाये. केळीला पाणी द्यायला रातभर जागून राहिलं." फळ्यावर यायचं: 'सुरुवातीचा फलंदाज – पायांची हालचाल मंद. बदला.' त्या म्हणायच्या, "त्याला पोरीवाल्यांकडून होकार आलाय, आता उड्याच मारंल." फळ्यावर यायचं: 'मनोबल उंचावले आहे. अवश्य घ्या.' दहातले आठ सल्ले खरे निघायचे. कळमनुरीला जाणारे लोक गाडी सुटेपर्यंत फळा वाचत उभे राहायचे. ग्यानोबा हातात खडू घेऊन, मान तिरकी करून बसायचे आणि कुणी विचारलं तर डोळे मिटून घेऊन मग उत्तर द्यायचे. या सगळ्यात आपलं काय आणि बायकोचं काय, हा हिशेब त्यांनी हळूहळू सोडून दिला. तशी माणसं सोडतातच.

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. पद्माबाई म्हणाल्या, "तांड्यावरच्या प्रेमदासची बायको पहिलटकरीण हाये, माहेरी गेलीय औंढ्याकडं. दिवसाआड जाऊन येऊन राहिलं लेकरू. डोळे बघितले का त्याचे?" प्रेमदास म्हणजे तांड्याच्या टीमचा कणा, बोलिंगही त्याची आणि बॅटिंगही त्याचीच. ग्यानोबांनी लिहिलं: 'प्रेमदास – एकाग्रता ढळली आहे. प्रेमदासला बसवा.'

तांड्याच्या टीमचा कप्तान जगन केळीच्या ट्रकवरून उतरला, त्यानं फळा वाचला आणि रविवारी प्रेमदासला खरोखरच बसवलं.

कागदावर नव्हे, मैदानावर! अकरा जणांतून काढून, पाण्याच्या घागरीपाशी. तांडा ती मॅच सगळ्यांत कच्च्या टीमशी हरला.

दुसऱ्या दिवशी प्रेमदासची आई जीवनबाई हॉटेलात आली. चहा घेतला नाही, सरळ बाकड्यापाशी गेली.

"भाऊ, माझ्या लेकराला काहून बसवलं?"

"बाई, मी कागदावर बसवा म्हणलं हुतं," ग्यानोबा म्हणाले.

"घागरीपाशी बसलं हुतं ते. समद्या गावानं बघितलं. घरी आलं ते जेवलं न्हाई." तिनं आत चुलीकडं पाहिलं आणि मग पुन्हा ग्यानोबांकडं. "लेकराचं मन थाऱ्यावर न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं?"

चार गिऱ्हाइकं ऐकत होती, तातेराव पंक्चर काढता काढता थांबले होते. ग्यानोबांनी खरं सांगायला हरकत नव्हती. पण पाच आठवड्यांचं 'सर'पण असं एका प्रश्नात सोडवेना.

"कुणी कशाला सांगंल?" ते म्हणाले. "माझा अभ्यास हाये. अन् आत काय बघता? बायामाणसाला काय कळतं किरकेटमधलं?"

पद्माबाईंचा झारा तेलात तसाच राहिला. एक घाणा भजी करपली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून बोलल्याच नाहीत.

म्हणजे "मीठ द्या", "सरका", "म्हशीला पाणी दावा" एवढं बोलायच्या. पण कुणाच्या काखेत काय आणि कुणाच्या घरी काय, यावर अक्षर नाही. सहाव्या आठवड्याला ग्यानोबांनी स्वतःच्या अभ्यासावर सल्ला दिला. ज्यांना घ्या म्हटलं ते तिघं भोपळ्यावर गेले, आणि ज्याला बसवा म्हटलं त्यानं सत्तर काढल्या. लोक म्हणाले, होतं एखाद वेळी.

आता उरला शेवटचा आठवडा. फायनल होती हट्टा आणि तांडा यांच्यात. कुकर कुणाचा हेही त्यातच ठरणार होतं, पण ग्यानोबांना घोर लागला तो वेगळाच. मंगळवारी जगन येऊन म्हणाला, "सर, प्रेमदासचं तुमी लिवताल तसं करतो."

"आरं, मागल्या वेळी तसं केलं अन् हरलात की."

"हरलो ते बसवल्यामुळं का खेळला असता तरी हरलो असतो, हे कोणाला ठाऊक?" जगन म्हणाला. "तुमचं चुकलं असं काय म्हणता येत न्हाई."

म्हणजे पोरगं वर्षाची सगळ्यांत मोठी मॅच खेळणार की घागर राखणार, हे ग्यानोबांच्या खडूवर. त्या घागरीपाशी बसलेल्या पोराचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. 'बसवा' लिहिलं आणि पोरगं ठीक असलं तर जीवनबाईला तोंड दाखवायची सोय नाही. 'घ्या' लिहिलं आणि ते पेंगत खेळलं तर अख्खा तांडा त्यालाच दोष देणार. शिवाय एक शब्द चुकला की आपली रवानगी पुन्हा एस.टी. बघण्यावर, हेही होतंच. तेही मनातून जात नव्हतं, उगाच कशाला लपवा.

त्यांनी बायकोला बोलतं करून बघितलं. स्वतः कांदे चिरायला घेतले आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "औंढ्याकडची गाडी आज लई भरून आली." पद्माबाई म्हणाल्या, "जाड चिरू नका."

गुरुवारी ते उठून तांड्यावर गेले. प्रेमदास भरदुपारी बाजेवर गाढ झोपला होता. आता ही थकलेल्या माणसाची झोप की निवांत माणसाची? ग्यानोबा अर्धा तास बाजेभोवती फिरले, एकदा वाकून श्वासही ऐकला. प्रेमदासचे वडील पेमा दारातून हे बघत होते.

"उठवू का त्याला?" त्यांनी विचारलं.

"नको, नको. झोप कशी हाये, ते बघून राहिलो."

"चांगली हाये," पेमा म्हणाले, आणि पाहुणा जाईपर्यंत त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही.

शनिवारी चारच्या सुमाराला फळ्यापुढं चाळीसेक माणसं जमली. ग्यानोबांनी फळा पुसला. वर तारीख टाकली, चौकट आखली, 'या आठवड्याचा सल्ला' लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. मग 'प्रेमदास' लिहिलं, पुढं आडवी रेघ दिली आणि हात थांबला. मागं जगन उभा होता, त्याच्या मागं प्रेमदास स्वतः, आपल्या नावापुढं काय येतं ते बघायला आलेला. ग्यानोबांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. पोरगं चोवीस वर्षांचं, पण शाळेतल्यासारखं हाताची घडी घालून उभं. त्यालाच विचारावं असं ग्यानोबांच्या मनात आलं, पण मी ठीक आहे असं कोण म्हणणार नाही?

ते खडू घेऊन गर्दीतून निघाले आणि हॉटेलात चुलीपाशी जाऊन उभे राहिले. गर्दी मागोमाग दारापर्यंत आली.

"प्रेमदासचं काय लिवू?" त्यांनी विचारलं. मोठ्यानं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पद्माबाईंनी भजी उलटवली. "बायामाणसाला काय कळतं किरकेटमधलं?"

"मला कळत न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "तुला कळतं. म्या एक शब्द माझ्या मनानं लिवला न्हाई. मागच्या हप्त्याला लिवला, ते बघितलं समद्याईनं."

झालं. आता एस.टी. तर एस.टी. लाजेनं त्यांचे कान तापले, पण पोराच्या नावापुढची रेघ रिकामी ठेवून घरी जाणं त्यांना जमलं नसतं.

पद्माबाईंनी झारा खाली ठेवला. "बुधवारी पोरगी झाली त्याला. बाळ-बाळंतीण खुशाल हायेत. बेस्तरवारी दिवसभर झोपलं लेकरू, काल अन् आज दोन-दोन टायम पोटभर जेवलं. घ्या."

ग्यानोबा फळ्याकडे परतले आणि सवयीनं लिहायला लागले, 'कौटुंबिक स्थैर्यामुळे मनो...'

"तसं न्हाई," पद्माबाई मागून म्हणाल्या. त्या हात पुसत बाहेर आल्या होत्या. "पोरगी झाली, तसंच लिवा."

त्यांनी पुसून लिहिलं: 'प्रेमदासला पोरगी झाली. घ्या.' आणि खाली, चौकटीच्या आत, ठळक अक्षरात: 'पद्माबाई.' मग ते लोकांकडं वळले, हसू ऐकायची तयारी करून.

कुणी हसलं नाही. लोक आपापल्या वहीच्या पानांवर प्रेमदासचं नाव लिहून घेत होते. जगननं प्रेमदासच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं गाडी धरायला पळाले.

"ऐकलं न्हाई का कुणी?" ग्यानोबांनी तातेरावांना हळूच विचारलं. "मी काय बोललो ते?"

"त्यात ऐकण्यासारखं काय हुतं?" तातेराव म्हणाले. "देवलाचं करट काय तुमाला एकट्यालाच ठाऊक हुतं? वहिनी चहा गाळताना समद्याईम्होरंच बोलत्यात."

"म्हंजे पहिल्या हप्त्यापासून तुमाला माहीत हुतं?"

"माहीत हुतं की."

"मग मला काहून इचारत हुता? सर काहून म्हणत हुता?"

तातेरावांनी पद्माबाईंकडं बघितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, पण तातेरावांच्या पोटात गोष्ट राहत नसे.

"पहिल्याच सोमवारी आमी वहिनीला म्हणलं, तुमीच सांगत जा. तर त्या म्हणल्या, मला इचारू नका. बाकड्यावर बसलेत त्याईला इचारा, नोकरी सुटल्यापासून मानूस जेवून न्हाई राहिला. अन् सर म्हणा, म्हणल्या. तवापासून कोणी इचारलं की त्या एकच सांगत्यात, फळ्यावर बघा. तुमी बायामाणसाला काय कळतं म्हणलाव, त्याच्या दुसऱ्या दिवशीबी हेच म्हणल्या."

ग्यानोबांच्या हातातला खडू मोडला. ते बायकोकडं बघतच राहिले.

"बघता काय?" पद्माबाई म्हणाल्या. "दुसरं नाव इचारा. लोक खोळंबलेत."