पाठमोरं गाढव

बघूसाहेबांनी उभ्या नोकरीत कुणाला 'हो' म्हटलं नव्हतं, आणि 'नाही' म्हणण्याइतके ते असंस्कृत नव्हते. लग्नाला होकार देतानासुद्धा ते "तूर्त हरकत दिसत नाही" म्हणाले होते, असं त्यांची बायको सांगते. परराष्ट्र खात्यात याला कर्तबगारी म्हणतात. तिच्याच जोरावर, निवृत्ती दारात आली असताना, राजदूतपदासाठी त्यांचं नाव निघालं. देश लहानसा, डोंगराळ, कुणाशी भांडायचाही कंटाळा करणारा. पण गाडीवर झेंडा तर लागणार होता!

अडचण एकच. नाव जाहीर करण्याआधी त्या देशाला गुपचूप विचारावं लागतं, हा माणूस चालेल का? आणि या धंद्यात 'चालणार नाही' असं कुणी म्हणत नाही. नुसतं गप्प बसतात. समोरच्याने काय ते समजून दुसरं नाव पाठवायचं.

तो देश गेले तीन महिने गप्प होता.

"तुमच्या जागी आता पुढेपुढेचं नाव घेतायत," बायकोने चहा ठेवता ठेवता बातमी दिली. पुढेपुढे म्हणजे त्यांचा ज्युनिअर, सचिवांचा विनोद संपायच्या आत हसून मोकळा होणारा. "त्याची बायको मला विचारत होती, तिथल्या बंगल्याला खिडक्या किती. पडदे शिवायचेत म्हणे."

"घाई करू नये. त्यांनी संकेत दिलाय." बघूसाहेबांनी बॅगेतून एक रंगीत माहितीपत्रक काढलं. त्या देशाच्या वकिलातीकडून आलेलं: धबधबे, गाढवावरून डोंगरसफर, वसंतात खास सवलत. महिनाभर ते त्याचा अर्थ लावत होते. "मुखपृष्ठावर गाढव आहे. पाठमोरं. हे काळजीचं आहे."

"अहो, जाहिरात आहे ती!"

"राष्ट्रं जाहिरात करत नाहीत. भूमिका मांडतात."

बायकोने कपाळाला हात लावला. ती शाळेत पी.टी. शिकवायची. शिट्टी वाजली की धावायचं, पुन्हा वाजली की थांबायचं, एवढंच राजकारण तिला ठाऊक.

त्याच आठवड्यात त्या देशाच्या राष्ट्रीय दिनाची पार्टी होती. हातात ग्लास धरून जो तो समोरच्याच्या खांद्यावरून आणखी मोठा माणूस शोधत होता. बघूसाहेब यजमान राजदूतांशी, एका गोलमटोल, मिशाळ गृहस्थांशी, हवेबद्दल बोलत उभे राहिले. मागे पुढेपुढे कान टवकारून हजर होताच. हवा संपली, डोंगर सुरू झाले. डोंगरही संपले, तेव्हा बघूसाहेब पुन्हा हवेवर आले.

उभं राहून बायकोचे पाय भरून आले होते.

"साहेब, एक विचारू? आमच्या ह्यांना राजदूत म्हणून घेताय की नाही? नको असतील तर तसं सांगा, म्हणजे मी ते गाढव रद्दीत घालते."

पुढेपुढेच्या घशात ऑलिव्ह अडकलं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं बघूसाहेबांना वाटलं. पण वर गालिचा जाड होता.

"राजदूत?" मिशा उडाल्या. "पण आम्हाला कुणी विचारलंच नाही!"

"असं कसं?" बघूसाहेब म्हणाले. "आमचे सचिव तुमच्याबरोबर जेवले तेव्हा..."

"हां, ते! ते म्हणाले, आमच्याकडे एक अनुभवी गृहस्थ आहेत, त्यांना तुमच्याकडची हवा मानवेलसं वाटतं. मला वाटलं, दमा असेल. म्हणून माहितीपत्रक पाठवलं."

बायकोने सावकाश मान वळवली. "हे वाक्य सचिवांना कुणी लिहून दिलं होतं हो?"

बघूसाहेब झुंबर न्याहाळू लागले. त्या वाक्यावर त्यांनी अख्खा आठवडा घालवला होता. पहिल्या खर्ड्यात 'राजदूत' हा शब्द होता. तो त्यांना भडक वाटला.

"थांबा," राजदूत म्हणाले, "आमचे परराष्ट्रमंत्री माझे मेव्हणेच." कोपऱ्यात जाऊन ते फोनवर बोलले आणि हसत परत आले. "चालेल म्हणतात! फक्त विचारतायत, दमा नाही ना? आणि यांना यायचंय ना?"

सगळे बघूसाहेबांकडे बघू लागले. त्यांनी घसा साफ केला.

"महोदय, या विषयाकडे आम्ही अत्यंत सकारात्मक दृष्टीने, तथापि सर्व बाजूंचा..."

पुढेपुढे मोठ्या आशेने एक पाऊल पुढे सरकला.

बायकोने पर्स उघडून शिट्टी बाहेर काढली.

"हो," बघूसाहेब म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला. शब्द फारसा वापरातला नव्हता.