मितवल्लीचा शोकमांडव

“बंदी? बंदी कोण घालतंय, मुअल्लिम?” ठाण्याच्या कॅप्टनने चहात साखर ढवळली. “खुशाल मांडव घाल. रस्ता अडव. उस्ताद शौकींचा मुलगा गेलाय.”

मितवल्ली खुर्चीच्या कडेवर टेकला होता. गावातल्या लग्नांना आणि मयतांना मांडव घालायचा त्याचा धंदा बापापासूनचा, म्हणून गाव त्याला मुअल्लिम, म्हणजे धंद्यातला मालक, म्हणे. पण ठाण्यात बोलावून मांडव घाल असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चहाही पाजला नव्हता. त्याला चहाचीच जास्त भीती वाटली.

“फक्त आमचा माणूस येईल, दिव्यांच्या माळेत एक बारकासा कॅमेरा बसवेल. तू शिडी धरायची.”

“बाशा, साहेब, शोकाला येतात ते शेजारीपाजारी...”

“मग त्यांना भीती कसली? बसण्याचं स्वातंत्र्य त्यांचं, बघण्याचं आमचं. कायद्यात दोन्ही बसतं.”

मागच्याच महिन्यात रेल्वे फाटकाशी बॉम्ब फुटून तीन शिपाई गेले, त्यांचा मांडवही मितवल्लीनेच घातला होता. मिसरूडही नीट न फुटलेली पोरं. तेव्हा एवढी माणसं लोटली की कॉफीचे पेले पुरेनात. त्यामुळे कॅप्टनचं सगळंच खोटं, असंही त्याला म्हणवेना.

उस्ताद शौकींचा करीम मात्र पोलिसांवर गोळीबार करताना मारला गेला, असं पेपरात आलं. त्या दिवशी तो पोलिसांच्याच कोठडीत होता. सकाळीच बाप त्याला डबा देऊन आला होता, हे गावाला ठाऊक होतं. पण पेपरवाले काही डब्यांची चौकशी करत बसत नाहीत.

“काय म्हणाला?” घरी नगातने नवऱ्याला विचारलं.

“मांडव घाल म्हणाला.”

“एवढंच?”

“शिडी धर म्हणाला.”

नगातला तेवढ्यावरून उमगलं. “मग धर. आणि तोंड मिटून धर. आपल्या मुलाला, हानीला, अजून नोकरी लागायचीय.”

मितवल्लीने तोंड मिटलं, पण न्हाव्याच्या दुकानाशी ते उघडलं. “उद्या तुझा पाय दुखतोय ना रे?”

“माझा? नाही बुवा.”

“दुखतोय. उस्तादांच्या मांडवापर्यंत चालवणार नाही, एवढा दुखतोय.”

न्हाव्याने वस्तरा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. “माझ्या भावाचाही दुखत असेल?”

“भावाचा जास्त.”

रात्रीपर्यंत गावात पायदुखीची साथ पसरली.

दुसऱ्या दिवशी मितवल्लीने शिडी धरली, माळेत कॅमेरा बसला, आणि संध्याकाळी दिवे लागले. उस्ताद शौकी इस्त्रीचा करडा सूट घालून मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले, आल्यागेल्याचा हात हातात घ्यायला. अर्ध्या गावाला त्यांनी अरबी शिकवलं होतं. कुराणपाठकाने उंच खुर्चीवर बसून डोळे मिटले आणि शंभर रिकाम्या खुर्च्यांना पाठ ऐकवायला सुरुवात केली. शोकाची बिनसाखरेची कॉफी मागे उकळत राहिली. पाठाचा एक भाग संपला, दुसरा सुरू झाला. उस्ताद हलले नाहीत.

कनातीआडून मितवल्लीला त्यांची ताठ पाठ दिसत होती. आपणच हे केलं, असं त्याला वाटत राहिलं. मांडववाल्यांची एक जुनी रीत आहे. घरच्यांना रिकाम्या खुर्च्यांपुढे उभं ठेवायचं नाही. कुणीच नसेल तर मांडववाल्याने हात धुऊन पाहुणा व्हायचं. त्याचा बाप कितीदा तरी तसा बसला होता. कॅमेऱ्याला न दिसणारी एखादी खुर्ची आहे का, ते मितवल्लीने पाहिलं. नव्हती. कॅमेरावाला कामात चोख होता.

त्याने हात धुतले, वळसा घालून समोरून आला. “अल्लाह तुम्हाला धीर देवो, उस्ताद.” आणि पहिल्या रांगेत बसला.

उस्तादांचा चेहरा पडला. पाठकाने श्वास घेतला तेव्हा ते शेजारी येऊन टेकले.

“तू कशाला आलास?”

“कुणीच नाही म्हणून.”

“कुणी येऊ नये म्हणूनच तर निरोप धाडले मी. दुपारी माळेत ते दिसलं. माझे विद्यार्थी कोठडीत जातील म्हणून दारोदार सांगितलं.”

मितवल्ली म्हणाला, “मी कालच सांगितलं होतं सगळ्यांना.”

“म्हणजे गावाला दोनदा कळलं.” उस्तादांनी गुडघ्यावरची घडी सारखी केली. “तुला तेवढं सांगायचं राहिलं. वाटलं, शिडी तूच धरली होतीस, तुला काय सांगायचं.”

पाठक पुन्हा सुरू झाला. पाठ चालू असताना उठून जायचं नसतं, म्हणून मितवल्ली शेवटपर्यंत बसला.

ठाण्यात कॅप्टन खरोखर नाराज होता. “एवढं जाळं टाकलं, आणि मासा एक. तोही घरचाच.”

“बाशा, मांडव घाल असं तुम्हीच म्हणालात.”

“घाल म्हणालो. बस म्हणालो होतो?”

वर कुणाचं तरी नाव कळवणं भाग होतं आणि बाप आणि पाठक सोडले तर चित्रात चेहरा एकच होता. चौकशी होईपर्यंत मितवल्लीला कोठडी ठरली. चौकशीची घाई कुणालाच नव्हती.

मांडव तसाच रस्त्यात उभा राहिला. गाड्या हॉर्न वाजवत वळून जात, पण त्या खुर्च्यांना हात लावायला गावात कुणी धजेना. शेवटी एका सकाळी उस्तादांनी कोट काढून खुंटीला लावला, खुर्च्या मिटल्या, हातगाडीवर रचल्या आणि खेप मितवल्लीच्या दाराशी आणली.

“नगात, बेटी, सामान कुठं ठेवू?”

दार उघडलं नाही. “इथं नको, उस्ताद,” आतून आवाज आला. “मला मुलगा आहे.”

“बरोबर आहे,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी गाडी वळवली. संध्याकाळपर्यंत खेपा घालून सगळ्या खुर्च्या करीमच्या खोलीत नेऊन लावल्या. तिथे जागा होती.