प्रार्थनेतून गळालेलं नाव

"...आणि प्रभो, माझी निळी बादली काल परत तिनंच नेली. नेली ते नेली, बुडाला चीर पाडून आणून ठेवली. वर म्हणते, आधीच होती. तू सगळं बघतोस, तूच सांग, होती का? तिला सुबुद्धी दे, तिचे गुडघे बरे कर, आणि आजच्या दिवस माझं तोंड तिच्यापुढं बंद ठेव. पुष्पाबाई हिलाल महाजन, खोली नंबर चौदा, पाण्याच्या टाकीमागं, कडोदरा, जिल्हा सुरत. आमेन."

भिंतीच्या अलीकडे पुष्पाबाई चहा गाळत होती. चीर आधीच होती, हे ती कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगायला तयार होती. पण दुसऱ्याच्या प्रार्थनेत मध्येच बोलायचं नाही हा तिचा नियम. दुसऱ्याच्या फोनात तोंड घालू नये, तसंच ते. जे काय सांगायचं ते नंतर नळावर.

सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. चौदा आणि पंधरा नंबरच्या खोल्यांमधली भिंत एका विटेची, वरच्या पत्र्यापर्यंत पोचायच्या आधीच दमून थांबलेली. वरच्या फटीतून इकडची फोडणी तिकडे आणि तिकडची प्रार्थना इकडे. मागच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम रात्रंदिवस खटखटत असत, पण त्या खटखटीतून माणसाचा आवाज निवडून काढायला कान आपोआप शिकतो. पंधरामधली अनुसया जालन्याकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. पुष्पाबाई पारोळ्याकडची, नवरा लूमवर लागला म्हणून सुरतेत आली. हिलाल गेला, लूम अजून चालू आहे.

"देवाला ऐकू येतं ना?" पुष्पाबाईनं एकदा विचारलं होतं. "मग एवढी ओरडतेस कशाला?"

"देवाला येतं," अनुसया म्हणाली. "तुला येत नाही म्हणून ओरडते."

"आणि तो पत्ता कशाला सांगतेस व?"

"सुरतेत पुष्पाबाया काय कमी आहेत? उद्या कतारगामच्या पुष्पाबाईचे गुडघे बरे झाले, तर बसशील बोंबलत."

प्रार्थनेचा क्रम ठरलेला होता. आधी आभार, मग पुण्यातली लेक आणि जावई, मग गल्लीतले आजारी, आणि सगळ्यात शेवटी, जेवणानंतरच्या ताकासारखी, पुष्पाबाई. पूर्वी लेकीच्याही आधी राघोचं नाव असे. राघो म्हणजे अनुसयेचा नवरा, ट्रान्सपोर्टच्या गोदामात साड्यांची पार्सलं चढवायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेतून त्याचं नाव गळालं.

पुष्पाबाईला तेव्हा धक्काच बसला होता. "अगं, कालपर्यंत नवऱ्यासाठी रडून मागत होतीस, आज एकदम गप्प?"

"आमच्यात मेलेल्यासाठी मागत नाहीत," अनुसया डोळे पुसत म्हणाली होती. "जिवंत आहे तोवर मागायचं. मग माणूस देवाच्या दयेच्या हवाली."

"आमच्यात तर मेल्यावर जास्त विचारपूस. पित्तर घालायचं, घास टाकायचा. कावळा शिवला की कळतं, पोचला बाबा. तुमच्यात पोच कशी येते?"

"येत नाही. विश्वास ठेवायचा."

"म्हणजे जन्मभर पार्सलं चढवणारा माणूस," पुष्पाबाई म्हणाली, "आणि त्यालाच बिनबिल्टीचा, बिनपावतीचा पाठवला."

अनुसया रडता रडता हसली होती. मग तिनं तिथलं वर्णन करून सांगितलं. तिथं पुष्कळ खोल्या आहेत, प्रत्येकासाठी तयार ठेवलेल्या. दुःख नाही, आजार नाही. पुष्पाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळ आत आहे का सामाईक?"

यंदा होळीनंतर पुष्पाबाईच्या काखेत गाठ आली. लेकानं, ललितनं, मोठ्या दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा ललितनं तो वाचला, घडीवर घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"काय आलं?"

"काही नाही आई, साधी गाठ आहे. थोडं औषध, थोडे शेक. पंधरा दिवसांनी दाखल व्हायचं."

डॉक्टर जे बोलला ते इंग्रजीत बोलला. ललित सगळा वेळ खिशावर हात ठेवून होता. त्या संध्याकाळपासून सून वर्षा चहात नुसतं दूध घालू लागली आणि "तुम्ही बसा आई, मी करते" म्हणू लागली. सून अशी अचानक गोड झाली की बाईनं सावध व्हावं. पण पुष्पाबाईनं मनावर घेतलं नाही. मरतंय कोण लगेच? दूध मिळतंय तर पिऊन घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी भिंतीशी चहा गाळत बसली. आभार झाले. लेक झाली, जावई झाला. गल्लीतला सुपडू, त्याचा पाय मशीनमध्ये सापडला होता, तो झाला. मग आमेन.

पुष्पाबाईच्या हातात गाळणं तसंच राहिलं. विसरली असेल, ती मनाशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पण आमेन सुपडूवरच. चौथ्या दिवशीही तेच.

आता पुष्पाबाई हातावर हात धरून बसणारी बाई नव्हे. पाचव्या दिवशी तिनं अनुसयेची नवी लाल बादली विचारल्याशिवाय उचलली. भांड्यांचं खरकटं पाणी पंधरा नंबरच्या उंबऱ्यासमोर ओतलं. एवढ्यावर तरी देवाकडे तक्रार जायला हवी होती. एरवी असल्या पाण्यावर निदान तीन दिवसांची प्रार्थना झाली असती.

अनुसया बाहेर आली, ओल्या उंबऱ्याकडे बघितलं, मग पुष्पाबाईकडे. "असू दे," म्हणाली. "वाळेल." आणि आत गेली.

अनुसयेनं "असू दे" म्हणणं म्हणजे काहीतरी भयंकर झालेलं असणार. आणि सहाव्या सकाळी, सुपडूच्या पायावर पुन्हा आमेन झाल्यावर, तिच्या डोक्यात उजेड पडला. राघोचं नाव ज्या दिवशी तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गळालं होतं. तिचं नाव रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गळालं. अनुसयेनं तिला मेलेल्यांत धरलं होतं. मागायचं काही उरलं नाही म्हणून दयेच्या हवाली करून ही बाई मोकळी झाली होती!

मरायचं भय वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे की सव्वीस वर्षांची शेजारीण एका दिवसात आपल्याला सोडून देते. लेकानं खोटं सांगितलं तर समजू शकतं, लेक आहे. हिनं?

बुधवारी चर्चचा पाळक वैभव अनुसयेच्या घरी प्रार्थनेला आला. तिशीतला मुलगा, बाईकवर येई, चहाला नाही म्हणत नसे. पुष्पाबाई चहाचा ट्रे घेऊन आपणहून आत शिरली आणि तिथंच बसली.

"वैभवभाऊ, एक विचारू? तुमच्यात जिवंत माणसाचं नाव प्रार्थनेतून कुणी सोडतं का?"

"नाही मावशी. सोडू नये."

"आणि सोडलं असेल तर?"

वैभवनं अनुसयेकडे पाहिलं. अनुसया बिस्किटाकडे पाहत होती.

"बरं, ते राहू द्या," पुष्पाबाई म्हणाली. "तो चोर. तुमच्या देवाच्या शेजारी क्रुसावर टांगलेला. ही सांगते, त्यानं मरता मरता नुसतं म्हटलं, माझी आठवण ठेव, आणि त्याला थेट आत घेतलं. खरं का?"

"खरं आहे मावशी." वैभवचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं. "दया अशीच असते. शेवटच्या क्षणीसुद्धा."

"टँकरच्या रांगेत सगळ्यात शेवटी यायचं आणि पहिला हंडा भरायचा, तसं. मला आवडतो तो माणूस. त्यानं तुमचं पाणी घेतलं होतं का डोक्यावर?"

"बाप्तिस्मा? नाही... तेव्हा वेळच नव्हता."

"रविवारी कधी दिसला होता?"

"नाही."

"मग माझ्यासारखीला काय?"

वैभवनं चहाचा मोठा घोट घेतला. चहा कढत होता, डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, दया त्याची आहे. कुणाला आत घ्यायचं ते मी कसं सांगू? दाराची किल्ली माझ्याकडं नाही."

"बरंच झालं," पुष्पाबाई म्हणाली. "मागच्या बुधवारी बाईकची किल्ली माझ्या ओट्यावर विसरून गेला होतात."

वैभव हसला आणि हसता हसता उठला, त्याला चलथाणला दुसऱ्या घरी जायचं होतं. जाताना त्यानं पुष्पाबाईच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, मग विचारात पडून नुसते हात जोडले. पुष्पाबाईनं तेही पाहिलं. तो कोरा होता, त्याला काही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं ते माणूस बिस्किटाचा चुरा करत बसलं होतं.

दुपारी दोघी ओट्यावर धागा कटिंगला बसल्या. एम्ब्रॉयडरीच्या साड्या खात्यातून घरी यायच्या आणि बायका उलट्या बाजूचे लोंबते धागे कटरनं उडवायच्या. भरतकामाच्या एका बुट्टीवरून, फुलावरून, दुसऱ्या बुट्टीवर, मान खाली. एकमेकींच्या तोंडाकडे न बघता बोलायला याच्यासारखं काम नाही.

"तुले काय व्हयनं व?" पुष्पाबाई म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी अहिराणी येई.

"मला काय होतंय?"

"मग मी मरी गऊ का?"

कटर थांबलं. "असं काय अभद्र बोलतेस?"

"अभद्र मी बोलते? आज आठवा दिवस, माझं नाव कुठं गेलं? सुपडूच्या पायासाठी रोज मागतेस, ज्यानं तुझ्या पोरीच्या लग्नात आहेर पण नाही केला. माझे गुडघे बरे झाले का? मला सुबुद्धी आली का?"

"नाही आली."

"मग?"

"मनात घेते तुझं नाव."

"सव्वीस वर्षं बोंबलून घेतलंस, आताच मनात कशानं?"

अनुसयेनं कटर चालवलं आणि धाग्याऐवजी साडीच कापली. बुट्टीच्या कडेला बोटभर भोक. दोघी त्या भोकाकडे बघत राहिल्या.

"ही चीर पण आधीच होती," पुष्पाबाई हळूच म्हणाली.

अनुसया हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ललितनं शपथ घातलीय. आईला कळू द्यायचं नाही म्हणाला, दाखल होईस्तोवर. मी हो म्हटलं. पण सकाळी गुडघ्यावर बसले आणि कळलं की अडकले. देवापुढं तुझ्या गाठीला साधी म्हणता येत नाही, तो काही ललितची आई नाही. आणि खरं म्हणावं तर..." तिनं मानेनं दाराच्या आत, भिंतीकडे खूण केली.

मागं लूम खटखटत होते. पुष्पाबाईला आता विचारायचं असं फारसं राहिलं नव्हतं. तरी काहीतरी राहिलंच होतं.

"म्हणजे मला सोडलं नाहीस?"

"सोडते कुठं? आठ दिवस दातावर दात दाबून मागतेय. जबडा दुखतो."

"हे बघ अनुसया. लेक घडी घालून खिशात ठेवतो. सून दूध पाजते. डॉक्टर इंग्रजी बोलतो, तुझा पाळक किल्ली नाही म्हणतो. एक तूच आहेस जी खोटं बोलता येत नाही अशा जागी बोलते. उद्या मोठ्यानं घे माझं नाव. जे असेल त्यासकट."

"शपथ मोडेल."

"ललितनं मला सांगू नको म्हटलं. देवाला सांगू नको असं म्हटलं का?"

अनुसयेनं कापलेली साडी उचलली आणि भोक रफू करायला सुई शोधू लागली.

सकाळी पुष्पाबाईनं चहा लवकर ठेवला. वर्षा उठून दूध घालायच्या आत, आपल्याला हवा तसा काळा. आणि पाट ओढून भिंतीशी बसली.

आभार झाले. लेक, जावई. सुपडूचा पाय जरा बरा होता, त्याबद्दल पुन्हा आभार. मग पलीकडे शांत झालं. ही बाई आमेन म्हणून पळते की काय, असं वाटून पुष्पाबाईनं पळीनं भिंतीवर दोनदा ठोकलं.

"बोलते गं, बोलते," अनुसया म्हणाली. देवाला की भिंतीला, ते कळलं नाही. मग घसा साफ केल्याचा आवाज आला.

"पुष्पाबाई हिलाल महाजन, खोली नंबर चौदा, पाण्याच्या टाकीमागं, कडोदरा. प्रभो, हिनं माझी लाल बादली नेली ती अजून दिलेली नाही. माझ्या उंबऱ्यावर खरकटं ओतलं, मुद्दाम ओतलं, मला ठाऊक आहे. काल पाळकाला चहासकट भाजून काढलं. पण तुझ्या शेजारच्या चोराला तू शेवटच्या घटकेला आत घेतलंस. तो दरोडेखोर होता. ही नुसती बादलीचोर."

पुष्पाबाईनं पदर तोंडाशी धरला. पलीकडचा आवाज खाली गेला, थांबला, आणि पुन्हा वर आला, फटीतून सगळी गल्ली ऐकेल इतका.

"तिला कॅन्सर आहे. लेक म्हणत नाही, सून म्हणत नाही, आणि मी आठ दिवस तोंड शिवून बसले, कारण तुझ्यापुढं एकदा म्हटलं की ते खरं होतं. तर आता म्हणते. तिला कॅन्सर आहे, प्रभो, आणि मला ती हवी आहे. इथंच ठेव. नाहीच ठेवता आली, तर तिथं माझ्या शेजारची खोली तिला दे, आणि भिंत पातळच राहू दे."