शारदाबाईंनी जपलेला आवाज

मित्रांनो, इंजिन म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर वर-खाली होणारे दट्टे येतात. माझ्या पोटात ते नाहीत. माझ्या पोटात दोन कप्पे आहेत आणि प्रत्येकात फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण गरगर फिरतो. म्हणून मला रोटरी म्हणतात. मला घडवले ते परदेशातल्या एका मोटारीसाठी. ती मोटार मोडीत निघाली आणि मी जहाजातून मुंबईला, तिथून ट्रकमधून बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाला आलो.

गावाच्या टोकाला चिंतामण सरांचे घर आहे. सर शाळेत गणित शिकवायचे. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांचा मुलगा आल्हाद स्वतःच्या हाताने विमान बांधत होता. लाकडी फासळ्या, त्यांवर ताणलेले कापड आणि दोन माणसांपुरती जागा. पोरगा वेडा झाला, असे गल्लीतले लोक म्हणायचे. पण मी पहिल्यांदा धडधडलो, तेव्हा तीच गल्ली शेडच्या दाराशी गोळा झाली. किराणा दुकानदार रंगराव कानांवर हात ठेवून म्हणाला, "हाव, आता हे उडतेच." त्या दिवशी बालाजीच्या प्रसादाचा एक पेढा माझ्यापुढेही ठेवला गेला.

कोणत्या वेगाला किती पेट्रोल फवारायचे, हे मला एक छोटा संगणक सांगतो. आल्हाद मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यातले आकडे बदलायचा, माझ्या मागच्या झाकणावर तळहात ठेवून थरथर अजमावायचा आणि पुन्हा आकडे बदलायचा.

मग माझ्या मागच्या कप्प्याचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी बारीक नळी, तुंबू लागला. त्या कप्प्याला पेट्रोल कमी पडू लागले. तात्पुरता उपाय म्हणून आल्हादने दोन्ही कप्प्यांचे पेट्रोल वाढवले. मी चालत राहिलो, पण लंगडत. धड-धड-धप्, धड-धड-धप्. एका सकाळी तो मोटारसायकल घेऊन जालन्याला गेला. वाटेत ट्रकची धडक बसली. तो परत आला नाही.

शेडला कुलूप लागले. माझ्या पंख्यावर धुळीचा थर बसला. छतातल्या भोकातून येणारा उन्हाचा ठिपका रोज माझ्या अंगावरून सरकत जायचा. मी वाट पाहत होतो.

एका संध्याकाळी कुलूप निघाले. आल्हादची आई, शारदाबाई, आत आल्या. मुलाला मला सुरू करताना त्यांनी कितीतरी वेळा पाहिले होते. त्याच क्रमाने त्यांनी बटणे दाबली. मी लंगडत सुरू झालो. त्या आल्हादच्या स्टुलावर बसल्या, डोळे मिटले आणि हलकेच म्हणाल्या, "आलास का रे?"

मग त्या रोज येऊ लागल्या. येताना दोन कप चहा आणत. एक पीत, दुसरा माझ्याजवळ निवून जाई. मित्रांनो, हा आवाज माझा आहे, तुमच्या आल्हादचा नाही, हे मी त्यांना कसे सांगणार? आणि खरे सांगू? हळूहळू माझीच खात्री डळमळू लागली. नीट तापण्याआधीच माझे मागचे झाकण उबदार व्हायचे. कोणीतरी तळहात ठेवावा तसे. पण तिथे कोणी नसायचे.

काही महिन्यांनी आल्हादची थोरली बहीण मधुवंती रजा घेऊन पुण्याहून आली. ती मोटारींच्या इंजिनांवरच काम करते. तिच्याबरोबर कुलदीप होता. तो आल्हादचा मित्र, विमान चालवायला शिकवणारा. "पहिल्या उड्डाणाचा शब्द मी त्याले दिला होता," तो म्हणाला.

त्यांनी माझा वेग वाढवला की मी अडखळायचो. लॅपटॉप मात्र सांगे, हवा-पेट्रोलचे मिश्रण अगदी बरोबर आहे. मधुवंती कितीतरी दिवस आकड्यांशी झटली.

"आकडे बरोबर आहेत न, ताई? मंग उडू द्या," कुलदीप म्हणाला.

मधुवंती माझ्या धुराच्या नळ्यांकडे पाहत राहिली. मिश्रण मोजणारा सेन्सर दोन्ही नळ्या जिथे एकत्र होतात तिथे बसवलेला होता. तिने तो काढला आणि एकेका नळीत वेगवेगळा लावून पाहिला. मग तिला कळले. एक कप्पा उपाशी होता, दुसऱ्याला अजीर्ण झाले होते, आणि दोघांची सरासरी ठणठणीत दिसत होती.

"असंच वर नेलं असतं तर मागचा कप्पा तापून फुटला असता," ती म्हणाली. "इंजेक्टर बदलावा लागेल."

शारदाबाई दारात उभ्या होत्या. "बदलला त आवाज असाच राहील?"

"नाही आई. एकसारखा होईल."

"मंग राहू दे. कुलदीपले दुसरं इंजिन आणा. हे मले राहू द्या."

"आई, हा त्याचा आवाज नाही. हे इंजिनाचं दुखणं आहे."

शारदाबाई आत आल्या. त्यांनी माझ्या मागच्या झाकणावर हात ठेवला.

"मले ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी चहा पिता पिता तोच म्हणाला होता, आई, हे लंगडून राह्यलं, मले ऐकवत नाही. जालन्याहून सामान आणतो अन् नीट करतो. मी तुमच्यापैकी कोणालेच सांगितलं नाही. सांगितलं असतं, त तुम्ही नीट केलं असतं."

चिंतामण सर मागे येऊन थांबले होते. शारदाबाई स्टुलावर बसल्या. "कर बेटा. मी इथंच बसते."

नवा इंजेक्टर बसला. मधुवंतीने दोन्ही कप्प्यांचे आकडे पुन्हा पहिल्यापासून जुळवले. मी सुरू झालो, तो एकाच सलग सुरात. शारदाबाई मान कलती करून ऐकत होत्या. त्या सुरात कुठेतरी तो सापडेल, असे त्यांना वाटत असावे. मीही माझे दोन्ही कप्पे धुंडाळत होतो.

"गेला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच मला बंद केले. त्यानंतर त्या शेडमध्ये आल्या नाहीत.

परवानग्या मिळाल्यावर मला आणि विमानाला ट्रकने धावपट्टीवर नेले. कुलदीप बसला. शेजारची जागा रिकामी होती, तरी त्याने तिचाही पट्टा बांधला. त्याने माझा वेग पुरता वाढवला. मी अडखळलो नाही. जमीन खाली राहिली. वर गेल्यावर कुलदीप एकदाच शेजारच्या जागेकडे वळून काहीतरी बोलला. माझ्या आवाजात ते मला ऐकू आले नाही.

उतरल्यावर धावपट्टीच्या कडेला थांबलेल्या शारदाबाईंनी त्याला विचारले, "वर कुठं अडखळलं का?"

"नाही, काकू."

"मंग जेवून घे," त्या म्हणाल्या आणि भाकरीचे फडके सोडू लागल्या. गाठ सुटायला वेळ लागला.

मित्रांनो, तुमच्या घरातही गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला जपा, पण तिचे दुखणे जपू नका. त्याने अर्धवट सोडलेले काम पुरे करा. त्यावर तुमचा हात फिरेल, त्याच्या हाताची खूण पुसली जाईल आणि तुम्हाला फार वाईट वाटेल. तरीही करा.